इंदुताईंच्या रेघा

दर बुधवारी माझंच पत्र मला परत यायचं, तसं त्या बुधवारीही आलं. शाळेतून आल्यावर मी पाकीट टेबलावर ठेवलं, वरण शिजत घातलं आणि मग ते उघडलं. माझी तीन पानं होती आणि सोबत अनोळखी अक्षरातली एक चिठ्ठी : 'ताई रविवारी सकाळी गेली. त्रास झाला नाही. शनिवारी तुमचं पत्र तिच्या हातात होतं. शांता.' मी स्टोव्ह बंद केला आणि चिठ्ठी पुन्हा वाचली. इंदुमती वैरागडे यांना मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, आणि तरी माझ्याबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेलं माणूस गेलं होतं. त्याला आता दोन महिने होत आले. इंदुताईंनी पत्रांतून किती जणांना स्वतःकडे बघायला शिकवलं हे कोणालाच माहीत नाही, कारण अशी गोष्ट कोणी चारचौघांत सांगत नाही. मी सांगते आहे. माझ्या मुलीला, नीताला, विचारून सांगते आहे.

मी खापरखेड्याच्या वसाहतीत राहते आणि गणित शिकवते. नवरा वीजकेंद्रात, पाळीवर. कोळशाची धूळ येते म्हणून दारं-खिडक्या लावून घ्यायची सवय आमच्याकडे घरोघरी असते. नीता नववीत असताना दुपारी मागच्या खोलीत अभ्यासाला बसायची आणि खोलीला बाहेरून कडी लागलेली असायची. ती दार वाजवायची, मी जाऊन काढायची. कडी सैल आहे, आपोआप पडते, असं मी ठरवलं आणि सुताराला बोलावून ती बदलली. नवीही लागायची, म्हणून तीही बदलली. तिसरी कडी तर जोर लावून ओढल्याशिवाय सरकायचीच नाही. तरी ती लागायची. तूच लावतेस, असं नीता म्हणाली तेव्हा मी तिला खोटारडी म्हटलं. एका दुपारी ती तीन तास आत होती आणि मी घरातच होते. दुसऱ्या दिवशी तिनं दप्तर उचललं आणि शहरात महाल भागात माझ्या नणंदेकडे निघून गेली. दहावी तिनं तिथूनच केली. माझ्या पत्राला उत्तर नाही, मी गेले की ती शेजारच्या मैत्रिणीकडे.

आमच्या मुख्याध्यापिकांनी मला धरमपेठेतला एक पत्ता दिला. इंदुताई कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. गुडघे गेलेले, नाक मोठं, आवाज त्याहून मोठा. चहा मलाच करायला लावला आणि साखर कमी पडली म्हणून नावंही ठेवली. मी कडीचं सगळं सांगितलं. तिन्ही कड्यांचं माप सांगितलं. त्या बडीशेप चघळत ऐकत राहिल्या.

"हे पाहा बाई, मी तुम्हाला बरं करणार नाही. तुम्ही आजारी नाही," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी दिवसभरात काय काय केलं ते लिहा आणि मला पाठवा. इथं येऊ नका. समोर बसलात तर माझं तोंड बघून बोलाल. कागदाला तोंड नसतं."

सल्ला त्यांनी कधीच दिला नाही. माझी पानं परत यायची, त्यांत काही शब्दांखाली पेन्सिलीची छोटी तिरपी रेघ असायची आणि कधीतरी कोपऱ्यात एक प्रश्न. बस. पहिल्या महिन्यात मला हा निव्वळ वेळेचा अपव्यय वाटला. मग एका पत्रात रेघा मोजल्या. त्या एका गुरुवारी मी चौदा वेळा दार लावलं होतं, चौदाही वेळा लिहिलं होतं आणि मला एकही आठवत नव्हतं. कोपऱ्यात प्रश्न होता, 'कोणी आत येऊ नये म्हणून?' मी धुळीबद्दल लांबलचक उत्तर लिहिलं. ते परत आलं तेव्हा धुळीखाली एकही रेघ नव्हती. कोपऱ्यात होतं, 'की कोणी बाहेर जाऊ नये म्हणून?' ... तो कागद मी आठ दिवस डब्याखाली दाबून ठेवला होता.

अशी दोन वर्षं गेली. गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर प्रश्न यायचे थांबले, नुसत्या रेघा राहिल्या. तिरप्या जाऊन सरळ झाल्या, पट्टीनं मारल्यासारख्या. वयानं हात थरथरत असेल, म्हणून पट्टी घेतली असेल, असं मी ठरवलं. त्याच दिवसांत एका पत्रात मी लिहिलं होतं की नीताची जुनी उशी उसवली, कापूस पिंजून पुन्हा भरला, उशी कपाटात ठेवली. परत आलेल्या पानावर त्या एकाच शब्दाखाली रेघ होती. कापूस.

सावनेरला आमच्या घरी कापसाची खोली होती. मी सहा वर्षांची असताना एका दुपारी आईनं मला तिथं नेऊन बसवलं. "आवाज करू नको," एवढं म्हणून तिनं बाहेरून कडी लावली. मी दार वाजवलं, पण कापसात आवाज जात नाही. संध्याकाळी तिनं दार उघडलं तेव्हा घर धुतलेलं होतं, माणसं जमली होती आणि माझा धाकटा भाऊ घरात नव्हता. त्याला दोन दिवस ताप होता. त्याचं नाव पुन्हा कोणी घेतलं नाही, मीही नाही. चाळीस वर्षं मला ती दुपार आठवत नव्हती. विसरले होते म्हणणंही बरोबर नाही. मनात ती जागाच नव्हती.

त्या रविवारी मी महालात गेले. नीता निघून जायच्या आत दारातच म्हणाले, की कडी मीच लावत होते. ती थांबली. तिची भाषा तोवर आत्याच्या घरची झाली होती.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "मी दाराजवळच्या खिडकीतून पाहून राहिली होती. तू माझ्याकडंच पाहत होती आई, पण मी तुले दिसत नव्हती. मी हाक मारली, तर तू म्हणाली, आवाज करू नको."

माझ्या आईचं हे वाक्य मी तिला कधी सांगितलेलं नव्हतं. कोणालाच सांगितलेलं नव्हतं. नीतानं परत यायला एकच अट घातली. आधी त्या खोलीचं कवाड काढा. तिच्या वडिलांनी पाळीवरून आल्या आल्या पेचकस घेतला. इतके दिवस तीन-तीन कड्या बसवण्यापेक्षा हेच केलं असतं तर सुताराचा चहा वाचला असता, एवढंच ते म्हणाले. उन्हाळ्यात नीता घरी आली.

इंदुताईंचं तेरावं झाल्यावर मी धरमपेठेत शांताताईंना भेटायला गेले. त्या धाकट्या बहीण, शेवटपर्यंत सोबत राहिलेल्या. निघताना मी म्हटलं, ताईंची पेन्सिल आठवण म्हणून मला द्याल का.

"पेन्सिल कोणती बाई?" शांताताई म्हणाल्या. "ताईले गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून दिसतच नव्हतं. मी म्हटलं वाचून दाखवतो, तर म्हणे दुसऱ्याचं पत्र तू काहून वाचशील? मी फक्त पाकीट फोडून द्यायची. ती अर्धा-पाऊण तास पानं हातात धरून बसायची, बोटं फिरवायची. मग म्हणायची, दे आता पाठवून."

मी विचारलं, मग रेघा कोण ओढायचं. त्यांनी विचारलं, कोणत्या रेघा.

घरी येऊन मी ट्रंकेतली सगळी पत्रं जमिनीवर मांडली. दिवाळीच्या आधीच्या रेघा तिरप्या, घाईच्या. नंतरच्या सरळ. माझ्या शाळेच्या लाकडी पट्टीला एके ठिकाणी खाच आहे, तिथं पेन्सिल अडखळते. लांब रेघ असेल तिथं तो बारीक उंचवटा होता, प्रत्येक पानावर. कापसाखालची रेघ लहान होती, पण शिशाचा गडदपणा माझ्याच पेन्सिलीचा होता. दीड वर्ष मला बिनरेघेची पानं परत येत होती, आणि पाकीट उघडणं आणि वाचायला घेणं यांच्या मधे मी पट्टी घेऊन बसत होते.

मला भुताखेतांची भीती कधी वाटलेली नाही. त्या संध्याकाळी वाटली ती स्वतःच्या हातांची. जो हात मला न सांगता रेघ ओढतो, तो आणखी काय काय करत असेल? नीता मागच्या खोलीत होती. मी तिथं गेले, सगळं सांगितलं आणि म्हटलं की तुला आत्याकडे जायचं असेल तर आत्ता जा. तिनं पत्रं पाहिली, पट्टीवरून अंगठा फिरवला.

"येत्या गुरुवारी लिही," ती म्हणाली. "आलं की माझ्यासमोर उघड."

मी निघताना शांताताईंनी सांगितलंच होतं, पत्र पाठवायचं तर पाठवा, मी वाचणार नाही, पण धरून बसीन, घर लय रिकामं वाटते. म्हणून मी लिहिलं, टाकलं, आणि बुधवारी ते परत आलं. दुपारच्या उजेडात टेबलाशी आम्ही दोघी समोरासमोर बसलो. मी पाकीट उघडलं, पानं सरळ केली, वाचायला घेतली. नीता हळूच म्हणाली, "आई." मी वर पाहिलं. तिनं माझ्या हाताकडे बोट केलं. हातात पेन्सिल होती, पट्टी पानावर होती आणि रेघ ओढून झाली होती.

आम्ही दोघींनी मिळून वाचलं. मी लिहिलं होतं : 'नीताच्या खोलीला कवाड नाही, म्हणून जाड कापडाचा पडदा शिवला. ती आत बसली की मी तो ओढून घेते.' शेवटच्या तीन शब्दांखाली सरळ रेघ होती.

नीता उठली. तिनं पडदा दांडीवरून ओढून काढला, त्याची नीट घडी घातली आणि त्याच घडीवर बसून पुस्तक उघडलं. आता स्वयंपाकघरातून ती मला सबंध दिसते.