वगळलेली वर्षं

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोलाही ठाऊक नाही, आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही – लपवावं असं माझ्या आयुष्यात एवढं एकच आहे. मग तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही समोर नाही आहात, म्हणून. समोर असतात तर मी एखादा विनोद करून विषय बदलला असता. ते मला छान जमतं.

मी मूळचा साताऱ्याचा. पण अर्धं आयुष्य चेन्नईत गेलं, एका संस्थेत अर्थशास्त्र शिकवण्यात. व्याजदर, चलन, सरकारी धोरण आणि आर्थिक संकटं – बँका का बुडतात, बाजारातलं कर्ज एकाएकी का आटतं – हा माझा विषय. अण्णा नगरमधल्या आमच्या इमारतीत कुणाची मुदत ठेव संपत आली की ते मला लिफ्टमध्ये गाठतात. मी गंभीर चेहरा करतो आणि त्यांना धीर देतो.

माझं नाव झालं ते एका शोधनिबंधामुळे. त्यातलं म्हणणं सोपं होतं: मध्यवर्ती बँकेने व्याजदर कमी आणि स्थिर ठेवावेत, पुढचे दरही आधीच सांगून टाकावेत, म्हणजे बाजार शांत राहतो. पुष्कळ देशांची आकडेवारी घेऊन मी ते सिद्ध केलं होतं. फक्त – आकडेवारीतून मी संकटाची वर्षं काढून टाकली होती. आमच्यात हे चालतं. एखादं वर्ष फार वेडंवाकडं असलं की त्याला 'अपवादात्मक' म्हणायचं, एक तळटीप द्यायची आणि बाजूला सारायचं. तळटीप कोण वाचतं? तापाचे दिवस सोडून बाकी दिवसांचा ताप मोजायचा आणि रोगी ठणठणीत आहे असं जाहीर करायचं, त्यातला हा प्रकार. मला तेव्हा हे कळत होतं का? थोडं कळत होतं. उरलेलं मी कळू दिलं नाही.

तुळजा माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. राहायची वेस्ट मांबलमला. घराणं तंजावरकडचं मराठी, वडील शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. घरात अजून त्यांची ती जुनी मराठी, तमिळच्या चालीवर बोललेली. संस्थेत मराठी येणारे आम्ही दोघंच, त्यामुळे माझ्या खोलीत आली की ती इंग्रजी सोडून द्यायची. सणावाराला डब्यातून आईच्या हातचं काहीतरी आणायची. मला तिचं कौतुक होतं, हे खरं. आणि घरी गेल्यावर तिच्या बोलण्याची नक्कल करून मी बायकोला हसवत असे, हेही खरं.

तिने काय केलं? मी काढलेली वर्षं परत आत घातली. एवढंच. आणि माझा निष्कर्ष उताणा पडला. दर बरीच वर्षं कमी राहणार हे आधीच ठाऊक असलं की कर्ज देणाऱ्या कंपन्या धीट होतात. स्वतः चार महिन्यांच्या बोलीवर पैसे उचलतात आणि वीस वर्षांच्या कामांना देतात. एक दिवस कुणीतरी हात आखडता घेतो आणि सगळे एकदम बुडतात. म्हणजे मी ज्या शांततेचे गोडवे गात होतो, तिच्याच पोटात संकट वाढत होतं. प्रबंधातलं हे प्रकरण घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "सर, माझंच कुठे तर चुकलं असेल म्हणून वाटतें," ती म्हणाली. "तुम्ही बघून सांगा."

मी बघितलं. पोंगलची अख्खी सुट्टी मी तिची चूक शोधत बसलो. देवाशपथ सांगतो, इतक्या मन लावून मी कुणाचंच काम वाचलेलं नाही, स्वतःचंसुद्धा. चूक नव्हती.

मग मी काय केलं असेल? प्रकरण दाबलं? तसं केलं असतं तर तो भित्रेपणा झाला असता, आणि भित्र्या माणसाला लोक माफ करतात. मी तिला सांगितलं, "बरोबर आहे. सेमिनारला मांड. मी आहे ना."

आमच्या सेमिनारची रीत तुम्हाला सांगायला हवी. आमच्यात वक्त्याला पहिल्या स्लाइडपासून प्रश्नांनी टोचतात. त्यात कुणाला वाईट वाटत नाही, उलट टोचलं नाही तर अपमान समजतात. फक्त एक जण गप्प बसतो – वक्त्याचा गाइड. तो बोलत नाही, कारण काम त्याच्या हाताखाली झालेलं असतं. गाइडनेच तोंड उघडलं तर सभागृह एकच अर्थ घेतं, की या कामाशी याचा संबंध नाही.

त्या दिवशी मी पुढच्या रांगेत बसलो होतो. मागे तिचे वडील आले होते, इस्त्रीची वेष्टी, म्हणजे तिकडचं पांढरं धोतर, नेसून. मुलगी मोठ्या लोकांपुढे बोलणार म्हणून. तिने ती वगळलेली वर्षं पडद्यावर दाखवली आणि मी हात वर केला.

मी विचारलं: कमी व्याजदरांमुळे संकट आलं, की संकटाची चाहूल लागल्यामुळे व्याजदर खाली आणले गेले – हे तू वेगळं कसं केलंस? वरवर साधा प्रश्न. पण संकटांवरच्या कुठल्याही अभ्यासाला तो विचारता येतो, आणि त्याचं पुरतं उत्तर कुणालाच देता येत नाही. मलाही आलं नसतं. तिच्याकडे मात्र बऱ्यापैकी उत्तर होतं. मी ते वाचलेलं होतं, कुठल्या पानावर आहे तेही मला माहीत होतं. म्हणूनच मी तिला तिथवर पोचू दिलं नाही. अर्ध्यातच तोडून पुन्हा तोच प्रश्न विचारला, जरा हसून. मग पुन्हा. माझं बघून इतरांनाही जोर चढला.

ती गोंधळली. माझ्याकडे बघत, आपण कुठे आहोत हे विसरून, मराठीत म्हणाली, "सर, बरोबर आहे म्हणून तुम्हीच बोलले की."

मी इंग्रजीत म्हणालो, की सगळ्यांना कळेल अशा भाषेत बोललीस तर बरं होईल. सभागृह हसलं. मीही हसलो.

आता मुद्द्याचं. मी हे नाव वाचवण्यासाठी केलं असं म्हटलं, तर तुम्हाला ते पटेल, आणि मलाही सोयीचं होईल. पण भीती आदल्या दिवसापर्यंत होती. तिथे बसल्यावर – मला मजा आली. ती हातातल्या रिमोटने चुकीचीच स्लाइड पुढे-मागे करत होती, आणि मला वाटत होतं, अजून थोडा वेळ चालू दे. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. पण कापणाऱ्याला त्यात गोडी लागते, हे कुणी सांगत नाही.

बाहेर तिचे वडील हात जोडून उभे होते. म्हणाले, "तुम्ही कठोर होऊन विचारलात, ते तिच्या भल्यासाठी म्हणून मला कळतें." मी त्यांचे जोडलेले हात माझ्या हातात घेतले. गणिताचे मास्तर होते ते. त्यांना मी अगदी सहज फसवलं.

आधी माझ्याही नजरेतून चूक सुटली होती असं सांगून ते प्रकरण मी तिला गाळायला लावलं. उरलेल्या निरुपद्रवी प्रकरणांवर तिला पदवी मिळाली. पुढे परदेशातल्या एका विद्यापीठातून माझ्या ओळखीच्या प्राध्यापकाचा फोन आला, त्यांना तिला शिकवायला घ्यायचं होतं. कशी आहे मुलगी? मी म्हणालो, फार कष्टाळू आहे. आमच्या धंद्यात कष्टाळू म्हणजे डोकं नाही. पलीकडचा माणूस समजला, त्याने आभार मानले आणि क्रिकेटचा विषय काढला.

काही वर्षांनी कर्ज देणारी एक मोठी कंपनी बुडाली, तिच्यामागे आणखी काही. थोड्या मुदतीचे पैसे, लांब मुदतीची कामं – तुळजाच्या त्या प्रकरणातलं वाक्यन् वाक्य. एका वाहिनीने मला बोलावलं. मी सांगितलं, हे आधी दिसणं कुणालाही शक्य नव्हतं; धोरण योग्यच होतं, एका माणसाच्या लबाडीने घात केला. माझी मुलाखत गाजली. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या माझ्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, आणि हीही वर्षं मी त्यातून वगळली.

गेल्या मार्गळीत, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास, मी वेस्ट मांबलमला कॉफीची पूड आणायला गेलो होतो. तिथली पूड चांगली असते. दुकानाबाहेर कुणीतरी "सर" म्हणालं. तुळजा होती, हातात भाजीची पिशवी, केस पांढरे व्हायला लागलेले. वडील गेले, म्हणाली. घरीच बारावीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. माझ्याच पुस्तकावरून.

मग ती म्हणाली, "सर, तुमची ती मुलाखत बघितलें. लबाडीमुळे झालें म्हणून तुम्ही सांगितल्यावर मला समजलें. त्या दिवशी तुम्ही अडवले नसते, तर मी चूक गोष्ट छापून बसले असतें."

ती मनापासून बोलत होती. तिच्या डोळ्यांत कडू काही नव्हतं, मी शोधलं. तिला वाटत होतं, तिची अक्कल कमी पडली आणि मी तिला वाचवलं. एक वाक्य पुरलं असतं. 'तुझंच बरोबर होतं' – बस. दुकानदार पूड दळत होता, मला घाई नव्हती, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "उशिरा का होईना, कळलं हे बरं झालं."

तिने पिशवी खाली ठेवली आणि भर रस्त्यात वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मुलांना नीट शिकव म्हणालो, आणि पूड घेऊन घरी आलो. कॉफी चांगली झाली होती. मी दोन कप प्यालो.