तिसरी ओळ

गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, गाणारी ती बाई आता आयर्लंडभर कार्यक्रम करते. लोक मला विचारतात, तू तिची मैत्रीण ना? होते.

कॉर्क शहरातल्या चर्चमध्ये मी तिच्या मागे कोरसमध्ये गायचे. एकदा गाडीत मी तिला माझ्या बाबांनी रचलेलं मराठी भक्तिगीत शिकवलं. तिसऱ्या ओळीत बाबांचा आवाज वर पोचायचा नाही, म्हणून त्यांनी चाल तिथे खाली वळवली होती.

पुढे एका रविवारी तिने तीच चाल इंग्रजी शब्दांत गायली. तिचा आवाज छपराला भिडतो, तरी तिसऱ्या ओळीत ती खालीच वळली. मग चर्चमध्ये देवाचा अनुभव सांगतात तशी माइकवर साक्ष दिली, ही चाल मला देवाने प्रार्थनेत दिली. अख्खी मंडळी ‘आमेन’ म्हणाली. सवयीने मीही म्हणाले.