हातासाठी की कातडीसाठी

मास्तर टीव्हीवरची बॉक्सिंगची मॅच नेहमी आवाज बंद करून पाहायचे. क्लबच्या कॉफीच्या खोलीत कुणी आवाज वाढवला, की ते उठायचे, रिमोट घ्यायचे आणि आवाज शून्यावर आणायचे. एकदा मी कारण विचारलं. त्यांनी मला पडद्याकडे पाठ करून बसवलं, आवाज लावला आणि म्हणाले, "आता ऐक. कुठला काळा, कुठला गोरा, न बघता सांग." मी दोन मिनिटं ऐकलं. समालोचकाचं एकाच्या ताकदीचं, जन्मजात देणगीचं कौतुक चाललं होतं. दुसऱ्याच्या डोक्याचं, शिस्तीचं, अभ्यासाचं. ताकदवाला काळा, डोकेवाला गोरा, असं मी सांगितलं आणि ते बरोबर निघालं. "बघ," ते म्हणाले, "तुला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही, तरी हे कळलं." आणि आवाज पुन्हा शून्यावर गेला.

मास्तर हे नाव मी दिलेलं. सत्तरीला टेकलेला हा उंच, पांढऱ्या दाढीचा, काळा आणि डावखुरा माणूस जन्मला सुरीनाममध्ये, पारामारिबोला. बाराव्या वर्षी आईबरोबर हॉलंडला आला आणि टिलबर्गचाच झाला. चाळीस वर्षं टपालखात्यात पत्रं वेगळी करायची नोकरी, आणि संध्याकाळी बॉक्सिंग. आधी स्वतः खेळणं, मग दुसऱ्यांना शिकवणं. लग्न केलं नाही. "राहून गेलं," एवढंच म्हणायचे. क्लबमधली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना नावाने हाक मारत. या देशात डॉक्टरलाही नावाने हाक मारतात, पण माझी जीभ काही रेटेना. म्हणून मास्तर. अर्थ सांगितला तेव्हा म्हणाले, "चालेल. याहून वाईट हाका ऐकल्यात."

मी पुण्याहून नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली. नवरा दिवसभर आइंडहोव्हनला, लेक ईरा शाळेत, आणि मी वॉशिंग मशीनशी गप्पा मारत घरात. वर्षभराने छातीत धडधडायला लागलं. हाउसआर्ट्सने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, तपासलं आणि सांगितलं की हृदय ठणठणीत आहे, काहीतरी खेळायला जा. सगळ्यात जवळ हा बॉक्सिंगचा क्लब होता, जुन्या कापडगिरणीच्या मागे, म्हणून तिथे गेले. पोहण्याचा तलाव जवळ असता तर आज पोहत असते. पहिल्या दिवशी मास्तरांनी माझ्या हातांना पट्टी बांधली, एकेक बोट वेगळं करून, सावकाश. घरच्यांशिवाय कुणी माझा हात हातात घेतल्याला वर्ष झालं होतं, आणि मला तिथेच रडू यायला लागलं. त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पण बोलायला गोड मुळीच नव्हते. "हिंदुस्तानी? दोन आठवड्यांत सोडशील," हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. "तुमच्या लोकांना एक ठोसा बसला की घर आठवतं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निव्वळ त्या रागापायी मी टिकले. तीन महिन्यांनी ते स्वतः केलेला नारळाचा केक डब्यात घालून घेऊन आले. "तुला पहिल्या दिवशी म्हणालो ते चुकलं," म्हणाले. "सुरीनाममध्ये तुमच्याकडून मजुरीला आलेल्यांची वस्ती मोठी. आम्ही त्यांच्याबद्दल असंच बोलायचो आणि ते आमच्याबद्दल. तोंडात बसलेलं असतं." केक जरा जास्तच गोड होता, मी सगळा संपवला. तेव्हापासून दर बुधवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायचे, आणि माझं डच त्यांच्याच स्वयंपाकघरात सुधारलं. त्यात शिव्या थोड्या जास्त आहेत, त्या त्यामुळेच.

आमच्या मुलामुलींसाठी दुसऱ्या क्लबांतून तोलामोलाची जोड शोधायचं काम मास्तरांचं. त्यांची यादी शाळेच्या वहीत असायची: कुणाचं वजन किती, लढती किती, उजवा की डावखुरा, पुढे घुसणारा की मागे राहून वाट बघणारा. मी पुण्यात एचआरमध्ये होते. असली वही दिसली की माझे हात शिवशिवतात. मी तिची छान एक्सेल शीट केली आणि हौसेने एक रकाना फोटोचा ठेवला. मास्तरांनी तो पुसायला लावला. "वजन हवं, अनुभव हवा, हात कुठला ते हवं. चेहरा कशाला? तो रिंगमध्ये दिसेलच." मी हसले. म्हटलं, आमच्याकडे लग्नाची स्थळं अशीच यादीतून येतात आणि सगळे आधी फोटो बघतात, शिक्षणबिक्षण मागाहून.

"मग तुमची लग्नं टिकतात कशी?"

"टिकवतात," मी म्हटलं.

त्यानंतर जोड्या जुळवायच्या मेल मीच लिहायला लागले. बिनपगारी का असेना, या देशात मला कुणी विश्वासाने दिलेलं ते पहिलं काम.

त्यांच्या स्वतःच्या लढतींबद्दल त्यांनी एका बुधवारी सांगितलं. पंचविशीत, ऐन भरात असताना, पाच वर्षं त्यांच्याशी खेळायला कुणी तयारच नव्हतं. त्यांचा ट्रेनर गावोगावच्या क्लबांना पत्रं लिहायचा आणि सभ्य भाषेत एकच उत्तर यायचं: शैली जुळत नाही. आता डावखुऱ्याला सगळेच टाळतात, हे खरं. त्याचा प्रत्येक ठोसा उलट्या बाजूने येतो, आणि त्याला हरवून फारसं नावही होत नाही. "गोऱ्या डावखुऱ्यांनाही टाळायचेच," मास्तर म्हणाले. "मग मी रागावू कशासाठी? हातासाठी की कातडीसाठी? अर्धं रागावता येत नाही." ती पत्रं त्यांनी जपून ठेवली होती, दोन गठ्ठ्यांत. एक हाताचा, दुसरा कातडीचा. कुठलं कुठे जायचं ते कसं ओळखलंत, असं मी विचारलं. "ओळखलं कुठे? पत्त्यांसारखी वाटून टाकली. सगळीच कातडीची मानली असती, तर या गावात राहता आलं नसतं."

शनिवारी कॉफीवर यावरून वाद व्हायचे. जुन्या काळी कित्येक गोरे चॅम्पियन काळ्या बॉक्सरशी खेळायला सरळ नकार देत, तो विषय निघायचा. क्लबमधला एक म्हातारा गोरा ट्रेनर म्हणायचा, "ते दिवस गेले. आता फक्त शैली बघतात. अवघड माणूस असेल तर टाळतात, मग तो हिरवा का असेना." मास्तर कॉफी ढवळत म्हणायचे, "तोंडावर नाही म्हणायचे ते परवडलं. कुणाशी भांडायचं ते तरी कळायचं." दोघं तीस वर्षं हा वाद घालत होते आणि एकमेकांची कॉफीही भरत होते. मी आपली मास्तरांच्या बाजूने मान डोलवायचे. मला वाटायचं, मी त्यांच्याच बाजूची आहे.

मग ईराची पहिली लढत ठरायची वेळ आली. ती तेव्हा सोळा वर्षांची, आणि बॉक्सिंगमध्ये तिला माझ्यामुळे नाही, मास्तरांमुळे गोडी लागलेली. रविवारी दुपारी नायमेखनच्या एका हॉलमध्ये स्पर्धा होती. नेमकं त्याच सुमाराला मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, स्क्रीन बघायची बंदी. फोनवर म्हणाले, "वजन आणि अनुभव जुळला, की हो म्हणून टाक." रॉटरडॅमच्या एका क्लबाची मेल आली. मुलगी ईराच्याच वजनाची, तिचीही पहिलीच लढत. सगळं जुळत होतं. आणि मी काय केलं, तर इन्स्टाग्रामवर तिचा फोटो शोधला. काळी, रुंद खांद्यांची, कॅमेऱ्याकडे न हसता बघणारी. ही माझ्या पोरीचं नाक फोडणार, एवढंच मनात आलं.

मला लग्नाच्या बाजारात तीन घरांतून "पत्रिका जुळत नाही" म्हणून कळवलं होतं. मी सावळी आहे. पत्रिका आम्ही त्यांना दिलीच नव्हती. आईने तीन दिवस तोंडात घास घेतला नव्हता. एवढं भोगलेली बाई मी, आणि माझी बोटं कीबोर्डवर सराईतासारखी चालली: मनापासून आभार, पण आमच्या मुलीशी शैली जुळत नाही. पाठवलं आणि चहा टाकला. मनाला काही लागलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी हार्लेमच्या एका सोनेरी केसांच्या मुलीला होकार दिला.

ईरा जिंकली. मी हॉलमध्ये आनंदाने रडत होते, तेवढ्यात रॉटरडॅमचा ट्रेनर मास्तरांशी बोलायला आला. मी नाकारलेली त्याच्या क्लबातली ती मुलगीही आली होती. कुणाची जोड ऐनवेळी गळाली तर आपल्याला संधी मिळेल, म्हणून ती सकाळपासून हातांना पट्ट्या बांधून बाकावर बसून होती. कुणी गळालं नाही. तो माणूस काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण मास्तरांनी त्या मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती मुलगी दाताने पट्टीची गाठ सोडवत होती.

परतीच्या ट्रेनमध्ये मास्तर माझ्यासमोर बसले होते. डेन बॉश आल्यावर त्यांनी विचारलं,

"तिला खेळताना पाहिलं होतंस?"

"नाही."

"व्हिडिओ?"

"नाही."

"मग शैली कुठे दिसली?"

ईराने कानातले हेडफोन काढले. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "फोटो पाहिला." मग घाईघाईने म्हटलं, "मी ईरासाठी घाबरले होते, मास्तर. माझ्या मनात तसलं काही नव्हतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "तू चांगली बाई आहेस. माझ्या घरी जेवतेस. तुझ्या मनात काही नव्हतं, आणि तरी तू ते लिहिलंस. त्या पत्रांमधली अर्धी मी खरी धरून चाललो होतो. ती लिहिणारेही चांगलेच असतील. त्यांच्याही मनात काही नसेल."

टिलबर्ग आल्यावर त्यांनी ईराची बॅग उतरवली, तिच्या पाठीवर थाप मारली आणि सायकल घेऊन गेले.

भांडले असते तर बरं झालं असतं. ते नेहमीसारखे येत राहिले, ईराला शिकवत राहिले, माझ्याकडून यादीचं कामही काढून घेतलं नाही. फक्त मला "धन्यवाद" म्हणायला लागले. मेल लिहिली, धन्यवाद. खुर्च्या लावल्या, धन्यवाद. आधी कधी म्हणायचे नाहीत. बुधवारी जेवायला ये, असंही पुन्हा म्हणाले नाहीत, आणि आपणहून जायचं माझं धाडस झालं नाही. त्या हिवाळ्यात घर सोडून ते बहिणीकडे पारामारिबोला जायला निघाले, कायमचे. निरोपाच्या दिवशी मी माफी मागितली. "मला नको," ते म्हणाले. "तिला सांग."

मी रॉटरडॅमला खरं ते लिहिलं: तुमच्या मुलीचा खेळ मी पाहिला नव्हता, फक्त फोटो पाहिला होता; आता ती ईराशी खेळेल का? आठ दिवस वाट पाहायला लावून त्यांनी होकार कळवला. वसंतात लढत झाली आणि ईरा थोडक्यात हरली. त्या मुलीने ईराला मिठी मारली, माझ्याशी नुसता हात मिळवला. मी मास्तरांना व्हिडिओ पाठवला. सोबत लांबलचक पत्र लिहिलं, घरचं, क्लबचं, माझं.

उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं. "पाहिलं. रॉटरडॅमची मुलगी मागे राहून खेळते, घाई करत नाही, विनाकारण जोरात मारत नाही. पहिल्या लढतीला ईरासाठी हिच्याहून चांगली जोड शोधून सापडली नसती." खाली नाव नव्हतं. मी कशी आहे, असं विचारलेलं नव्हतं.

मी उत्तर लिहायला बसले, चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. या देशात मला एकच मित्र मिळाला होता. तो आयुष्यभर एका शंकेच्या आधाराने तग धरून राहिला, आणि ती शंका मीच फेडली.