मामाचं हबसाण

आमच्या रहिमतपूरच्या आसपास हबसाण देशाबद्दल जेवढी माहिती आहे, तेवढी खुद्द हबसाणातल्या लोकांनाही नसावी, आणि याला एकटा माझा मामा जबाबदार आहे. सरकारी कागदांत त्या देशाला ॲबिसिनिया म्हणतात. मामा पलटणीबरोबर तिकडे इटलीवाल्यांशी लढायला गेला, उजव्या खांद्यात गोळी घेऊन पेन्शनीत परत आला, आणि आल्या दिवसापासून त्याने गावाला त्या देशाची ओळख करून द्यायला घेतली. गावाने ती मागितली नव्हती. न्हाव्यापुढे मान वाकवून बसला असो की कुणाच्या दुखवट्याला गेला असो, पाच मिनिटांत विषय समुद्र ओलांडून आफ्रिकेत शिरायचा.

"तितला मानूस लय देखना रं," मला सांगायचा. "उंच, सरळ नाकाचा, अंगावर पांढरंधोट उपरनं. हाईत किरिस्ताव, पर देवळात जाताना पायतान भाईर काढत्यात. आन् उपास तर तुज्या मामीपरीस जास्त." ही तुलना त्याला महागात पडली. बुधवार-शुक्रवार तिथे मटण बंद म्हणून त्याने घरातही बंद केलं. मामीचे सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार आधीच देवांना वाटून दिलेले होते. ती शांतपणे म्हणाली, "म्हंजी रविवार ऱ्हायला. त्यो कुटल्या देशाला द्यायचा त्येबी सांगा." हबसाणात वर्षाचे महिने तेरा, आणि तेरावा जेमतेम पाच-सहा दिवसांचा, हे कळल्यापासून ते दिवस मामा रानात फिरकत नसे, तो महिना आपल्या पंचांगातच नाही, मग काम कशात धरायचं, असं विचारी.

पण सगळ्यात घातक त्याचं घड्याळ. तिथे दिवस उगवला की तास मोजायला लागतात, म्हणून आपले सकाळचे सात वाजले की तिथे एक वाजतो. मामाला हे इतकं पटलं की त्याने मनगटावरचं घड्याळ तसंच लावून ठेवलं. माझी मामेबहीण इंदू लग्नाला आली, शिराळ्याहून चांगलं स्थळ सांगून आलं, आणि मामाने स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, "रविवारी तीन वाजता मुलगी पाहण्यास यावे."

म्हणजे त्याच्या हिशेबाने सकाळी नऊला. मी साताऱ्याहून आदल्या दिवशीच आलो होतो. नऊ वाजता इंदू जरीची साडी नेसून बसली. दहा वाजले, अकरा वाजले. बारा वाजता मामीने डोळ्याला पदर लावला, कारण मागची दोन स्थळंही अशीच न सांगता फिरली होती. इंदूने साडी बदलली आणि ती धुणं घेऊन बसली. मी मामाला पत्रातली वेळ विचारली. त्याने सांगितली, मी त्याच्या मनगटाकडे पाहिलं, आणि मामीने माझ्याकडे पाहिलं. पुढचा अर्धा तास मामी जे बोलली त्यात हबसाणाचा उल्लेख बऱ्याचदा आला.

बरोबर तीनला पाहुणे आले. मुलगा, आणि त्याचे वडील, झुपकेदार मिशांचे, कमी बोलणारे. घाईघाईने पुन्हा साडी नेसलेल्या इंदूला बघून झालं, तसा मामा चुलीपाशी बसला. मिरजेहून आणलेल्या कच्च्या कॉफीच्या बिया त्याने पाहुण्यांसमोर तव्यावर भाजल्या, धूर त्यांच्या नाकापर्यंत नेला, कुटल्या, उकळल्या. "तीन कप प्यायाचं. तिसऱ्याआदी उटलं तर घरधन्याचा अपमान." पाहुण्यांनी निमूटपणे तीन कप रिचवले. मग ज्वारीचं पीठ तीन दिवस आंबवून केलेली परातीएवढी आंबोळी आली. मामाने तिचा तुकडा मोडला, त्यात मसुरीची आमटी गुंडाळली आणि घास थेट मुलाच्या वडिलांच्या तोंडापाशी धरला.

आमच्याकडे लग्नात नवरानवरी एकमेकांना घास भरवतात. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला भरवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मामीने तोंड फिरवलं.

"ह्ये काय?" पाहुणे म्हणाले.

"तोंड उगडा, पाव्हणं. तितं अशीच रीत हाय."

"कुटं?"

"हबसाणात."

"आमी शिराळ्यास्नं आलूय."

मामाचा हात तसाच राहिला. "गोळी लागली तवा मी पलटणीपासनं चुकलो," तो म्हणाला. "एका म्हातारीनं घरात घेतलं. माजा हात चालत न्हवता. तिच्याकडं येकच असली भाकरी. पयला घास मला, मग नातवाला. चार दिस."

हे आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मामीनेही नाही.

मुलाच्या वडिलांनी त्या घासाकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "वळख ना पाळख, तरी भरवत्यात व्हय तितं?"

"भरवत्यात."

"माजा थोरला लडाईवर इजिप्तात हाय. तीन म्हैनं कागद न्हाई." एवढं बोलून त्यांनी तोंड उघडलं. घास गिळल्यावर दुसरा त्यांनी स्वतः मोडला आणि मामाला भरवला. इंदूचं लग्न तिथंच ठरलं.

निघताना उंबऱ्यापाशी ते थांबले. "त्या म्हातारीचं नाव काय वो?"

अख्ख्या देशाची ओळख करून देणारा माझा मामा पहिल्यांदाच अडला. "इचारायचं ऱ्हायलं," तो म्हणाला.

त्यानंतरही तो हबसाणाबद्दल तितकंच बोलत राहिला. फक्त तिथल्या माणसांपर्यंत आला की मध्येच जरा थांबायचा, काहीतरी आठवत असल्यासारखा, आणि आम्हीही घाई करायचो नाही.