झालरीचं कव्हर

हसीनाबाईंकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते भोरच्या आमच्या शाळेत, माझ्या वर्गाच्या पालकसभेला. बाकीचे पालक मार्कांवरून वाद घालत होते आणि या मागे उभ्या राहून खिडकीचा फाटका पडदा वितीने मोजत होत्या. सोमवारी त्यांचा इरफान दप्तरातून नवा पडदा घेऊन आला. खाली झालर लावलेली.

पुढे आम्ही शेजारी झालो. मी निवृत्त झाले होते, त्यांचे मालक वारले होते. त्या ब्लाऊज शिवायच्या. घरात टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फोनलासुद्धा. उघडं काही ठेवणं त्यांना जमतच नसे.

इरफान मस्कतला नोकरीला होता. २००७ साली तो बायकोला आणि दोन वर्षांच्या फिजाला घेऊन सुट्टीवर आला आणि जाताना आपला जुना लॅपटॉप आईजवळ ठेवून गेला. त्यात फिजाचं चित्रण होतं. याच घरात, शिलाई मशीनच्या पायडलवर बसून ती म्हणत होती, "दादी, मी पन!" हसीनाबाई शिवता शिवता दिवसभर ते लावत. लॅपटॉप बंद कसा करायचा हे इरफानने दाखवलं होतं, पण त्यांना धीर होत नव्हता.

"बंद केला आन् परत लागलाच न्हाई तर, बाई?"

म्हणून तो कधी बंद झाला नाही. भारनियमनासाठी इरफानने इन्व्हर्टर बसवून दिलाच होता. लॅपटॉपखाली मऊ उशी आणि वर, फक्त पडदा उघडा राहील असं, कापूस भरलेलं मखमली कव्हर.

दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस त्या एकदा तशाच अनवाणी माझ्या दारात आल्या. "बाई, आतून टकटक येतंय. फिजा दिसंना."

एसटी स्टँडजवळ कुमारचं दुकान आहे. हाही माझा विद्यार्थी. कव्हर बघून तो हसला.

"चाची, ह्याला थंडी वाजती व्हय?"

"धूळ बसती रे."

"अवो, हवा जायला जागा न्हाई, दिवसरात्र चालू. हार्ड डिस्क तापून गेली."

त्याने लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढले आणि आतली चपटी डबी ओढून काढली. हसीनाबाईंनी ती तळहातावर घेतली.

"एवढ्याशात होती?"

कुमारचं हसू गेलं. "नवी बसवतो. लॅपटॉप चालंल पयल्यासारखा. पण ह्यातलं काय मिळंल असं वाटत न्हाई."

तरी त्याने ती पुण्याला पाठवून पाहिली. तशीच परत आली.

शुक्रवारी इरफानचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "तू परत पाठव की." पलीकडून इरफान काहीतरी बोलला. मग त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि मला म्हणाल्या, "त्याच्याकडं न्हाई. अम्मीजवळ आहे म्हणून त्यानं ठेवलंच नव्हतं."

दिवाळीला इरफानबरोबर काम करणारा, जवळच्या कामथडीचा एहसान मस्कतहून आला. त्याच्याबरोबर इरफानने फिजाच्या नव्या चित्रणाची सीडी पाठवली होती. नव्या डिस्कचा लॅपटॉप चटकन सुरू झाला. पांढऱ्या फरशीवर फिजा उभी होती, केस कापलेली. मागून इरफानचा आवाज: "दादीला सलाम कर." तिने हात कपाळाला लावला, "झालं?" असं विचारलं आणि पळाली.

हसीनाबाईंनी ते पुन्हा लावलं. फिजा उभी असताना थांबवलं आणि पडद्यावर वीत ठेवली. तिच्यासाठी फ्रॉक शिवायचा होता. वीत फिजाच्या डोक्यावरून बाहेर गेली. हात तसाच ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"बाई, ह्यावरून माप कसं घ्यायचं?"



हसीनाबाई अजून त्याच घरात एकट्या राहतात आणि ब्लाऊज शिवतात. लॅपटॉपवर आता कव्हर नसतं. शुक्रवारी सीडी बघून झाली की त्या तो बंद करतात.