सिनेमानंतरचं भाषण

काचीगुड्याच्या आमच्या मराठी मंडळात महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सिनेमा दाखवतात. पडदा तेवढा नवा, बाकी पंखे, खुर्च्या, सभासद सगळे जुने. सिनेमा संपला की एका वडीलधाऱ्या माणसाने उठून बोलायचं, आणि त्याचं बोलणं आटोपल्याशिवाय पोह्यांच्या पातेल्यावरचं झाकण निघत नाही, अशी रीत आहे. नायकाचं तोंड भरून कौतुक करायचं, हीसुद्धा रीतच. ते कौतुक कुणी घरी घेऊन जात नाही. टाळ्या वाजवायच्या, पोहे खायचे आणि आपापल्या वाटेला लागायचं.

त्या रविवारी बोलायची पाळी आमच्या ह्यांची होती. हे निवृत्त वकील, म्हणजे बोलायला कधीही तयार. मी ह्यांच्या आणि लेकीच्या मधल्या खुर्चीत बसले होते.

आदल्या दिवशी लेकीने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं होतं, की तिने नोकरी सोडली. राजीनामा देऊन झाला, मंजूरही झाला. आता ती त्र्यंबकेश्वरापासून समुद्रापर्यंत गोदावरीच्या काठाकाठाने एकटी चालत जाणार होती.

"का पण?" मी विचारलं.

"माहीत नाही, आई. तेच बघायचंय."

"मग नर्मदेची परिक्रमा तरी कर. चार लोकांना सांगता येईल."

ती हसली नाही. "बाबांना मी सांगते. तू टेन्शन नक्को घेऊ," म्हणाली.

टेन्शन कसं नाही घेणार? आमच्या घरात हे एकदा होऊन गेलंय. माझ्या मोठ्या दिरांनी चालती वकिली सोडून जहाजावर नोकरी धरली, तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, त्यांना सांगितलं होतं, 'गेलास तर परत येऊ नकोस.' ते खरंच आले नाहीत. सासरे गेले तेव्हासुद्धा नाही. मी या घरात आले ती दिरांनी घर सोडल्यावर, सासरे होते तेव्हा. दिरांना मी फक्त फोटोत पाहिलंय. आणि आमचे हे म्हणजे सासऱ्यांची हुबेहूब प्रत. तोच आवाज, चिडल्यावर वर जाणारं तेच बोट. खाण तशी माती. ते वाक्य ह्यांच्या तोंडून निघायला कितीसा वेळ लागणार, याच धास्तीने मी रात्रभर कूस बदलत होते.

आणि सिनेमा तरी कुठला निघावा! एका गडगंज उद्योगपतीचा मुलगा. तो फोन जेवणाच्या टेबलावर ठेवतो, मालट्रकमध्ये बसतो आणि निघून जातो. ढाब्यावर भांडी घासतो, बर्फात वाट चुकतो, म्हाताऱ्या मेंढपाळाकडे राहतो. मला त्याचा राग येत होता. त्याच्या आईला अख्ख्या सिनेमात दोन प्रसंग, दोन्हीत ती रडते. लेक मात्र खुर्चीच्या कडेवर आली होती. ह्यांनी मध्यंतरानंतर छान डुलकी काढली.

दिवे लागले. हे उठले, घसा खाकरला आणि सुरू झाले. राजवाडा सोडलेला राजपुत्र झाला, बोहल्यावरून पळालेला संत झाला. उबदार घरात माणूस गुबगुबीत होतो, मोठा होत नाही, असंही झालं. लोक माना डोलवत होते. पोह्यांचा वास पसरला होता. मी मनात म्हणत होते, पुरे, बसा आता.

तेवढ्यात लेक उभी राहिली. "बाबा, एक विचारू? घर सोडायचं बरोबर वय कोणतं?"

हे खुलले. स्वतःच्या लेकीने भर सभेत विचारलेला प्रश्न! "विचारत बसलं की वय निघून जातं, बेटा," म्हणाले. टाळ्या पडल्या.

"मग मी विचारत नाही. सांगतेच. मी नोकरी सोडली. पुढच्या आठवड्यात मी निघते."

आणि तिने गोदावरीचं सगळं सांगून टाकलं, निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत. टाळ्या अर्ध्यातच थांबल्या. ह्यांच्या हातात माईक तसाच होता आणि ह्यांचा श्वास अख्ख्या हॉलला ऐकू येत होता. बोट वर गेलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. कुणीतरी पाठीमागून म्हणालं, "वकीलसाब, पोहे थंड होऊन राहिले." हे खाली बसले. पोहे काही खाल्ले नाहीत.

नल्लकुंट्याला घरी जायला आम्ही रिक्षा केली. लेकीचा चेहरा पांढरा पडला होता, पण नजर सरळ होती. ती बधणार नाही हे मला दिसत होतं, आणि हे गप्प बसणार नाहीत हेही. ह्यांना स्वतःच्याच शब्दांत पकडलं होतं तिने, तेही ह्यांच्याच लोकांसमोर. वकिलाला याहून मोठा अपमान कुठला?

जिन्यात हे पुढे होते. आमच्या दारापाशी पोचून वळले आणि लेकीकडे बघून, बोट वर करून म्हणाले, "गेलीस तर..."

"खबरदार!" मी ओरडलेच. "ते वाक्य तोंडातून काढाल तर मीही हिच्याबरोबर चालत सुटेन. मग बसा एकटे!"

समोरच्या तेलुगू बाईंनी दार उघडून विचारलं, "एमैंदि अम्मा?" काही नाही, काही नाही, म्हणून मी हात हलवला. दार बंद झालं.

हे माझ्याकडे वळले. म्हणाले, "मला बोलू देशील का? गेलीस तर एक किल्ली सोबत ने, म्हणत होतो. आम्हा दोघांना दुपारची बेल ऐकू येत नाही आताशा."

बोट खाली आलं होतं, आवाज मात्र अजून सासऱ्यांचाच होता.

"अण्णा माझ्या दादाला ते वाक्य बोलले तेव्हा मी दारातच उभा होतो," हे म्हणाले. "त्यानंतर अण्णांनी रात्री दाराची आतली कडी कधी लावू दिली नाही. मरेपर्यंत. पण ते दादाला कळणार कसं? कुणी कळवलंच नाही त्याला."

ती कडी उघडी असायची हे मीही पाहिलं होतं, पण का, ते इतक्या वर्षांच्या संसारात मला कधी सांगितलं नव्हतं ह्यांनी. सभेत एवढी धीट राहिलेली लेक पायरीवर बसून हमसून रडायला लागली. तिला उठवायचं सोडून मीही तिच्याशेजारी बसले.