राणी, कव्हर आणि मधुदादा

रविवारी दुपारी मधुदादांकडे जायला पायात चप्पल सरकवत होतो, तोच पुरानी बस्तीतून दादांच्या शेजाऱ्याचा फोन आला. "भैया, मधुदादा नहीं रहे." सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार आला तो कॅरमचा. मागच्या रविवारचा डाव तसाच अर्धवट राहिला होता...

रेल्वेतून निवृत्त होऊन दादा बिलासपूरहून इथे आले, तेव्हापासून सात-आठ वर्षं आमचा रविवार ठरलेला. खेळ अर्ध्या तासाचा, वाद दोन तासांचा. कोपर पुढे आलं का, स्ट्रायकर दोन्ही रेघांना टेकला होता का! मी काहीही म्हटलं की का म्हणून ते विचारणं सुरू, "काहून?" त्यांच्या घरचा कायदाच होता, वाद मिटेस्तोवर कोणी उठायचं नाही. म्हातारा हेकट आहे, असं मी घरी सांगायचो. पण मजा यायची हे खरं. दिवसभर साहेबापुढे मान डोलवणाऱ्या माझ्यासारख्याला तिथे एका सोंगटीसाठी घसा फोडता यायचा, आणि हरलो तरी काही बिघडत नसे.

त्या शेवटच्या रविवारी माझ्या एकाच फटक्यात राणी आणि माझी पांढरी सोंगटी, दोन्ही गेल्या. "कव्हर झालं," मी म्हणालो. "काहून? राणी गेल्यावर वेगळी सोंगटी घ्या लागते!" मला घाई होती. फोन काढला आणि नियम वाचून दाखवला. एकत्र गेल्या तर कव्हर धरतात. अर्ध्या मिनिटात सगळं मिटलं. दादा बोर्डाकडे पाहत राहिले. "मंग बरोबर आहे तुझं," एवढंच म्हणाले. वहिनी दुसरा चहा आणत होत्या, तोही न घेता मी निघालो.

तेरवीनंतर गेलो. वहिनींनी बोर्डावरची चादर काढली. सोंगट्या होत्या तशाच होत्या.

"त्यांले माहीत होता तो नियम, भाऊजी. रेल्वेच्या स्पर्धेत पंच राहायचे ते."

"मंग काहून भांडायचे?"

"तुम्ही बसावं म्हणून. पोरं तर दूर. तुम्ही गेले की घड्याळ पाहून सांगायचे, आज पावणेदोन तास थांबवलं त्याले. लय खूश राहायचे."

आजवर इतके वाद हरलो, त्यांचं काही वाटलं नाही. हा एक जिंकलो, तो मात्र पाठ सोडत नाही. ऑफिसात सही करताना मागून "काहून?" ऐकू येतं आणि मी खरोखर वळून पाहतो.

वहिनी चहा टाकायला आत गेल्या. मी जाळीतून राणी काढली, मधल्या गोलात ठेवली आणि मोठ्याने म्हणालो, "कव्हर नाही झालं, दादा. तुमचंच बरोबर." समोरची खुर्ची रिकामी होती. त्या एका रविवारखेरीज त्यांना माझं म्हणणं एका झटक्यात कधीच पटलेलं नाही, आजही पटणार नव्हतं... चहा आला, निवला. वाद मिटला नव्हता. मी उठलो नाही.